काम नाही म्हणून कंपनीने घरी बसवलं आणि पगारात अकरा खाडे लावले

पहिली पाळी

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) आहे. चार वर्षं आठ महिने झाले, परमनंट. आम्ही परमनंट ६२ जण, बाकी सगळे कंत्राटी. कंपनीचं नाव देत नाही, नोकरी अजून तिथंच आहे.

गेल्या महिन्यात मोठ्या गिऱ्हाइकाने शेड्यूल कापलं. तयार माल स्टोअरमध्ये मावेना, पॅसेजमध्ये पॅलेट लावायची वेळ आली. एका शनिवारी पाळी सुटताना सुपरवायझरने लाइन ३ आणि ४ च्या १९ जणांना गोळा केलं आणि म्हणाला, "सोमवारपासून येऊ नका, माल हलला की फोन करतो." नोटीस नाही, सहीशिक्क्याचा कागद नाही. रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ आली: "लाइन ३ व ४ ला पुढील सूचनेपर्यंत सुट्टी." आम्ही समजलो कंपनीनेच सुट्टी दिली म्हणजे पगारी असणार.

फोन आला तोवर कामाचे अकरा दिवस गेले होते. पगाराची स्लिप बघितली तर अकरा दिवस विनावेतन रजा. टाइम ऑफिसला विचारलं तर म्हणे पंचिंग नाही म्हणजे खाडा, सिस्टीम खाडाच धरते, आम्ही काय करणार.

मी रजा मागितली नव्हती. आजारी नव्हतो, लग्नाला गेलो नव्हतो. येऊ नका असं त्यांनीच सांगितलं, मग खाडा माझा कसा? कायद्यात याला काही आहे का? जाणकारांनी सांगा. घरी हप्ता आहे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा असं होणार अशी कुजबुज आहे.

हजेरीबुक

दादा, टाइम ऑफिसने शब्दातच घोळ घातलाय, म्हणून आधी तो सोडवू. तुम्ही रजेवरही नव्हता आणि गैरहजरही नव्हता. तुम्हाला ले-ऑफ दिला होता.

मी भोसरीला एका इंजिनिअरिंग कारखान्यात २६ वर्षं काढली, त्यातली १४ युनियनच्या कमिटीवर. या एका शब्दावर व्यवस्थापनाशी किती बैठका झाल्या ते मोजलं नाही. हल्ली पेपरात आयटीतल्या ले-ऑफच्या बातम्या येतात तेव्हा माणसं कायमची काढली असा अर्थ असतो. आपल्या कामगार कायद्यातला ले-ऑफ वेगळा आहे. नाव मस्टरवर राहतं, नोकरी तुटत नाही, मालक तेवढ्या दिवसांपुरतं काम देऊ शकत नाही, इतकंच. कोळसा, वीज किंवा कच्चा माल कमी पडला, माल साचला, यंत्र बंद पडलं, नैसर्गिक आपत्ती आली, ही कारणं १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ओळीने लिहिलेली होती. तुमच्या पॅसेजमधले पॅलेट म्हणजे त्यातलं "माल साचला" हे कारण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० आली आहे, पण ले-ऑफची भरपाई तिच्यातही आहे आणि दर तोच आहे.

दर असा: मूळ पगार अधिक महागाई भत्ता, या बेरजेचे ५० टक्के. घरभाडे, प्रवासभत्ता, हजेरी बक्षीस यात येत नाही. साप्ताहिक सुट्ट्या सोडून बाकीचे दिवस धरायचे. हे मिळायला जागा कारखाना, खाण किंवा मळा असावी लागते, कामगार आधीच्या महिन्यात सरासरीने ५० तरी हवेत, काम हंगामी नसावं आणि तुमची वर्षभराची सलग नोकरी हवी. सलग म्हणजे मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस, आणि ले-ऑफचे दिवस त्या २४० मध्ये धरले जातात. तुम्ही ६२ जण आहात, पावणेपाच वर्षं झालीत. बसता तुम्ही यात.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने कच्ची आहे. ले-ऑफच्या काळात कामगाराने रोज ठरलेल्या वेळी एकदा तरी गेटवर हजर व्हायला हवं. नाही झाला तर त्या दिवसाची भरपाई जाते, असं कलमच आहे. तुम्ही १९ जण अकरा दिवस घरी होतात. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे ना? पुसू नका. मालकाने स्वतः लिहून "येऊ नका" सांगितलं आणि मग "आला नाहीत" म्हणून पैसे कापले, हे कुठल्याही अधिकाऱ्यापुढे टिकायला कठीण आहे. पण तो मेसेज नसता तर काय केलं असतंत याचा विचार करा. म्हणून सगळ्यांना सांगतो, तोंडी निरोपावर घरी बसू नका. पाळीच्या वेळेला गेटवर जा आणि हजेरी लावा.

पहिली पाळी

मेसेज आहे, स्क्रीनशॉट काढून भावाच्या फोनवरही पाठवला. काका, पण गेटवर जाऊन करायचं काय? सिक्युरिटी आत सोडत नाही. पंचिंग मशीन आत आहे.

हजेरीबुक

आत सोडत नसतील तरी हजेरी लावून घेणं मालकाचं काम आहे. ले-ऑफ असला तरी मस्टर ठेवायचं आणि जो कामगार पाळीच्या वेळेला हजर होतो त्याची नोंद त्यात करू द्यायची, हे कायद्याने मालकावर टाकलेलं आहे. आमच्याकडे गेटवरच्या केबिनमध्ये लांब वही असायची. १९८७ साली वीजकपात होती तेव्हा सकाळी सात वाजता तीनशे माणसं त्या वहीत सही करून परत जायची. काही जण वैतागायचे, बसचे पैसे घालून फक्त सहीला यायचं म्हणून. पगाराच्या दिवशी त्या वहीनेच हिशेब झाला.

वही ठेवत नसतील तर १९ जणांनी मिळून एक अर्ज लिहा: आम्ही अमुक तारखेला अमुक वाजता कामावर हजर झालो, काम देण्यात आले नाही, आमची हजेरी नोंदवावी. खाली सगळ्यांच्या सह्या, टोकन नंबर. एक प्रत टाइम ऑफिसला देऊन दुसरीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि कंपनीच्या मेलवर फोटो टाका. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही.

आणि दोन तासांचा नियम लक्षात ठेवा, तो फार थोड्यांना माहीत असतो. पाळीच्या वेळेला हजर झाल्यापासून दोन तासांत काम मिळालं नाही तर तो दिवस ले-ऑफचा धरला जातो. "दुपारी अर्ध्या पाळीला या" असं सांगून दुपारी काम दिलं तर अर्ध्या दिवसाचाच ले-ऑफ. पण दुपारी बोलावून पुन्हा काम दिलं नाही तर त्या दुसऱ्या अर्ध्याचे पन्नास टक्के नाहीत, मूळ पगार आणि महागाई भत्ता पूर्ण द्यावा लागतो. माणसाला दिवसातून दोनदा हेलपाटा घालायला लावू नये म्हणून ते तसं ठेवलंय, असं मला वाटतं.

एचआरवाली

मी टेबलाच्या पलीकडून लिहितेय. दोन कारखान्यांत एचआरमध्ये काम केलंय. हजेरीबुक काकांनी सांगितलेलं बरोबर आहे, त्यात थोडी भर.

"विनावेतन रजा" हा कोड बऱ्याचदा दुष्टपणाने टाकलेला नसतो. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ले-ऑफचा कोडच नसतो, मग पंच नाही म्हणजे रजा, असा हिशेब पडतो आणि कुणी तपासत नाही. पण परिणाम नुसता त्या महिन्याच्या पगारापुरता राहत नाही. ले-ऑफचा दिवस बोनसच्या आणि ग्रॅच्युइटीच्या मोजणीत धरतात. विनावेतन रजा किंवा गैरहजेरी म्हणून नोंद राहिली तर पुढे चार वर्षांनी तुम्हीच विसरलेले असाल आणि रेकॉर्ड तुमच्या विरोधात बोलेल. म्हणून अर्जात दोन मागण्या वेगळ्या लिहा, पैसे आणि नोंदीची दुरुस्ती. मी आत होते तेव्हा नोंद दुरुस्त करा असा अर्ज क्वचितच यायचा, सगळे फक्त रकमेचं बोलायचे.

दुसरी पद्धत यापेक्षा वाईट: काम नसलेले दिवस कामगाराच्या हक्काच्या रजेतून वळते करायचे. वर्षाच्या शेवटी माणसाला मुलाच्या आजारपणात रजा लागते आणि शिल्लक शून्य. ती रजा कामगाराने अर्ज करून घ्यायची असते. न मागता खात्यातून उचलली असेल तर लेखी हरकत घ्या.

हिशेब करायला स्लिपमधले आकडे टाका, मदत करते.

पहिली पाळी

धन्यवाद ताई. बेसिक ९,५००, डीए ४,८००. बाकी एचआरए वगैरे धरून हातात साधारण २०,००० येतात.

एचआरवाली

९,५०० अधिक ४,८०० म्हणजे १४,३००. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाचे ५५०. त्याचे निम्मे २७५. अकरा दिवसांचे ३,०२५ रुपये. तुमच्या स्लिपमधून कापलेली रक्कम याच्या दुपटीहून जास्त असणार, कारण एचआरएसुद्धा त्या प्रमाणात गेला असेल. सगळा पगार परत मिळेल अशी आशा ठेवू नका, पण ३,०२५ हा तुमचा हक्क आहे आणि तो आकडा अर्जात लिहा. आकडा लिहिलेल्या अर्जाला उत्तर देणं भाग पडतं.

लघुउद्योजक

धागा वाचतोय. मी मालक आहे, पण लहान. शेड भाड्याची, २२ माणसं, मोठ्या कंपन्यांना जॉबवर्क करून देतो. वरून शेड्यूल कापलं की आमच्याकडे ते दुप्पट जोरात आदळतं, कारण मोठी कंपनी आधी बाहेरचं काम आत ओढून घेते. बिलं ९० दिवसांनी निघतात. मशीनचा हप्ता कुणासाठी थांबत नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये मी पूर्ण पगार दिला. २९ मार्चचा केंद्राचा आदेश होता की लॉकडाउनमध्ये वेतन कापू नका. ओव्हरड्राफ्टमधून दिला, सांगायला लाज नाही. मेमध्ये तो आदेश मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालक आणि कामगारांनी आपसात बोलून तोडगा काढावा. आम्ही बोललो. सगळ्यांना बसवून हिशेबाची वही उघडून दाखवली, दोन महिने साठ टक्क्यांवर ठरलं, आणि एकही माणूस सोडून गेला नाही.

माझा प्रश्न असा, सीए म्हणतो ५० च्या खाली माणसं असली की ही भरपाई लागूच नाही, बिनपगारी बसवता येतं. बरोबर आहे का? मला कुणाला बुडवायचं नाही, पण कायदा काय आहे ते समजून घ्यायचंय.

हजेरीबुक

साहेब, वही उघडून दाखवलीत, हे वाचून बरं वाटलं. आमच्या आयुष्यात ती वही फार थोड्या मालकांनी दाखवली.

तुमच्या सीएचं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं चूक आहे, आणि ही चूक मोठमोठे सल्लागार करतात. ५० च्या खाली पन्नास टक्क्यांचं कलम लागू नाही, मान्य. पण त्यावरून बिनपगारी बसवण्याचा अधिकार कुठून आला? ले-ऑफ देण्याचा अधिकार मालकाच्या अंगभूत नाही. तो कायद्यात, स्थायी आदेशांत (कारखान्याच्या लेखी सेवाशर्तींत) किंवा नेमणुकीच्या करारात कुठेतरी लिहिलेला असावा लागतो.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा निकाल आहे, फायरस्टोन टायर कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात. मुंबईच्या कारखान्यात संप झाला, दिल्लीच्या वितरण कार्यालयात टायर येईनात, म्हणून तिथल्या तीस जणांपैकी १७ जणांना ले-ऑफ दिला. कार्यालय लहान, ५० च्या खाली. कंपनीचं म्हणणं तुमच्या सीएसारखंच होतं. न्यायालय म्हणालं, कायद्यात ले-ऑफ या शब्दाची व्याख्या दिली म्हणून तो देण्याचा अधिकार मिळत नाही. करारात नाही, स्थायी आदेशात नाही, आणि भरपाईचं कलमही लागू नाही, तर मग माणूस कामाला तयार असताना त्याला घरी पाठवणं हा करारभंग होतो आणि त्याच्या वेतनाचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे लहान मालकाची जबाबदारी पन्नास टक्क्यांवर थांबेलच असं नाही, ती पूर्ण पगारापर्यंतही जाऊ शकते. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा वकिलाला पुन्हा वाचून दाखवायला लावलं होतं.

तुम्ही २०२० मध्ये केलंत तेच करा. बोला, ठरलेलं कागदावर घ्या, सह्या घ्या. नवीन नेमणूकपत्रांत काम नसल्यास किती टक्के मिळेल ते आधीच लिहून ठेवा.

लघुउद्योजक

सीएला हा निकाल पाठवला. खरंच माहीत नव्हतं. नेमणूकपत्राचा मसुदा बदलतो.

गिरणगावचा नातू

गेटवर हजेरी लावून परत जायचं, हे वाचून आजोबा आठवले. परळला एका कापड गिरणीत ते नऊ वर्षं बदली कामगार होते. रोज पाळीच्या आधी बदली कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणाचा खाडा पडला तर त्याच्या सांच्यावर (मागावर) जायचं, नाहीतर कार्डावर नोंद करून खोलीवर परत. आजी सांगायची, डबा भरून द्यायचा की नाही हे रोज कळायचं नाही. काम मिळालं नाही तर तोच डबा दुपारी घरी बसून खायचे आणि त्या दिवशी कुणाशी बोलायचे नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते कायम झालेले होते, पण त्यांच्या बरोबरचे कितीतरी तेव्हाही बदलीच होते.

बदलीवाल्यांना ही भरपाई मिळत होती का?

हजेरीबुक

नाही. ले-ऑफच्या कलमातून बदली आणि कॅज्युअल कामगार वगळलेले आहेत. फक्त एक दार ठेवलंय: बदली कामगाराने वर्षभराची सलग नोकरी पूर्ण केली की या कलमापुरता तो बदली राहत नाही, त्याला भरपाई लागू होते. म्हणून तर २४० दिवस भरू नयेत यासाठी मध्ये ब्रेक देण्याची पद्धत पडली. तुमच्या आजोबांच्या कार्डावरची काम मिळाल्याची प्रत्येक नोंद म्हणजे त्या २४० तला दिवस होता. कार्ड जपलंय का कुणी घरात?

गिरणगावचा नातू

आईकडे आहे. ट्रंकेत, आजोबांच्या पासबुकाबरोबर.

बेंचवर

विषय थोडा वेगळा आहे पण जवळचाच. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, सहा वर्षं. प्रोजेक्ट संपून ७४ दिवस झाले, बेंचवर आहे. पगार चालू आहे. आता एचआर रोज कॉल करून म्हणते, साठ दिवसांत प्रोजेक्ट मिळाला नाही, तुम्हीच राजीनामा द्या, चांगलं रिलीव्हिंग लेटर देऊ, नाहीतर परफॉर्मन्सवर काढू. काम देणं माझ्या हातात आहे का? सात इंटरव्ह्यू दिले आतल्या आत. झोप लागत नाही.

एचआरवाली

ले-ऑफच्या भरपाईचं कलम तुम्हाला लागू नाही, ते कारखाना, खाण आणि मळ्यांपुरतं आहे. पण तुमचा नोकरीचा करार चालू आहे आणि तुम्ही रोज कामाला हजर आहात, त्यामुळे पगार थांबवता येत नाही.

राजीनामा देऊ नका. निदान आज तरी नाही, आणि कॉलवर "हो" तर अजिबात नाही. राजीनामा दिलात की कागदावर तुम्ही स्वखुशीने गेलात असं होतं. कंपनीने अतिरिक्त म्हणून कमी केलं तर त्याला कपात म्हणतात. कायद्याच्या व्याख्येतल्या कामगाराला त्यात महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळतो. तुम्ही त्या व्याख्येत बसता का हे पदनामावरून ठरत नाही, प्रत्यक्ष काय काम करता त्यावर ठरतं, म्हणून ते वकिलाला नेमणूकपत्र दाखवून विचारा. व्याख्येत बसला नाहीत तरी करारातला नोटीसचा काळ आहेच. स्वतः सही करून हे सगळं सोडू नका.

प्रत्येक कॉलनंतर त्याच संध्याकाळी एक मेल टाका: आजच्या बोलण्यात मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले, मी काम करण्यास तयार आहे, अमुक इंटरव्ह्यू दिले आहेत. शांत भाषेत, चार ओळी. असे कॉल मलाही करायला लावले होते एकदा. तीन केले, मग ती नोकरी सोडली. समोरून एका मुलाने असाच मेल पाठवला होता आणि त्याच्यानंतर त्याला फोन गेला नाही.

बेंचवर

आजच पाठवतो. तुमचं शेवटचं वाचून धीर आला.

स्टुटगार्टकर

इथलं सांगतो. जर्मनीत याला कुर्झआरबाइट म्हणतात, कमी तासांचं काम. ऑर्डर घटली की कंपनी माणसं न काढता तास कमी करते आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी रोजगार विमा भरून देतो. त्या विम्यात कामगार आणि मालक दोघे दरमहा पैसे टाकत असतात. आमच्या प्लँटला २०२० मध्ये कित्येक महिने हेच चाललं होतं. मी घरी होतो, पण नोकरी जाईल ही धास्ती नव्हती.

भारतातला ५० टक्क्यांचा भार एकट्या मालकावर आहे, हे मला खटकतं. वर लघुउद्योजकांनी लिहिलंय ते वाचा. मालकाकडेच पैसा नसेल तर हक्क कागदावर राहतो.

लघुउद्योजक

अगदी. दरमहा हप्ता भरायला मी तयार आहे. मंदीत एकदम काढायला सांगितलं की हात वर होतात.

पहिली पाळी

उशिरा लिहितोय, माफ करा. बरंच घडलं.

१९ पैकी १६ जणांनी अर्जावर सह्या केल्या. तिघे घाबरले, त्यांना काही बोललो नाही, एकाची बायको बाळंत आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे आकडा लिहिला, नोंद दुरुस्तीचं वेगळं लिहिलं, मेसेजची प्रिंट जोडली. टाइम ऑफिसने पोच दिली नाही, पोस्टाने पाठवला. पाचव्या दिवशी प्लँट हेडने बोलावलं. आधी म्हणाले तुम्ही गेटवर हजर नव्हता, नियमाप्रमाणे काही मिळत नाही. म्हणजे त्यांना कलम माहीत होतं! मी प्रिंट पुढे केली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, एचआरशी बोलतो.

या महिन्याच्या स्लिपमध्ये ३,०२५ जमा झाले, "ले-ऑफ भरपाई" असं लिहून. सही न केलेल्या तिघांनाही मिळाले. मागच्या स्लिपमधले अकरा दिवसही दुरुस्त करून दिले.

आता नवीन. सोमवारपासून पुन्हा ले-ऑफ, या वेळी नोटीस बोर्डावर लावलीय आणि गेटवर वही ठेवलीय. पण त्यात असंही लिहिलंय की ज्यांना हवं त्यांनी रांजणगावच्या दुसऱ्या प्लँटला पॅकिंगला जावं, न गेल्यास भरपाई नाही. चाकणहून रांजणगाव रोज जाणं-येणं कसं जमणार? बस देत नाहीत. आणि पाच वर्षं मशीन चालवून पॅकिंग?

हजेरीबुक

शाब्बास. त्या तिघांनाही मिळाले हे फार चांगलं झालं, पुढच्या वेळी तेही सही करतील.

रांजणगावचं बघू. मालकाने दुसरं काम देऊ केलं आणि कामगाराने नाकारलं तर भरपाई जाते, हे खरं. पण ते काम त्याच ठिकाणी हवं, किंवा त्याच मालकाच्या दुसऱ्या जागी असेल तर ती त्याच गावात किंवा जवळ हवी. १९४७ च्या कायद्यात जवळ म्हणजे पाच मैल होतं. शिवाय कामाला खास कौशल्य लागत नसावं आणि पगार नेहमीचाच द्यायला हवा. रांजणगाव पाच मैलांच्या कितीतरी बाहेर आहे. तेव्हा या कारणाने भरपाई रोखता येणार नाही, असं लेखी कळवा आणि वहीत सही करत राहा. नेमणूकपत्रात बदलीची अट आहे का तेही बघा. बदलीचा आदेश वेगळा असतो, तो नीट लेखी यावा लागतो, ले-ऑफच्या नोटिशीत घुसवता येत नाही.

पॅकिंगबद्दल मात्र तुम्हाला आवडणार नाही असं सांगतो. हेच पॅकिंग चाकणच्या शेडमध्ये पूर्ण पगारावर देऊ केलं असतं तर मी घे म्हणालो असतो. आमच्यातले दोन चांगले टर्नर कमीपणा वाटतो म्हणून स्टोअरच्या कामाला नाही म्हणाले, त्यांचे २१ दिवस गेले आणि आम्हाला काही करता आलं नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण त्यांना आधी समजावून सांगायला हवं होतं.

दिवस मोजत राहा. बारा महिन्यांत ४५ दिवसांच्या वर ले-ऑफ गेला की दोन गोष्टी होऊ शकतात. तसा करार असेल तर ४५ नंतरची भरपाई थांबते, म्हणून असल्या कशावर न वाचता सही करू नका. आणि मालक त्या टप्प्यावर कपातही करू शकतो, तेव्हा दिलेली ले-ऑफ भरपाई कपातीच्या रकमेतून वळती होते. तुमचे अकरा झालेत. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफसाठी सहसा सरकारची आधी परवानगी लागते, आधी हा आकडा १०० होता, पण ६२ वर तुम्हाला तो आधार नाही.

पहिली पाळी

समजलं काका. पॅकिंगचं मनाला लावून घेतलं होतं, बरं झालं सांगितलंत. नेमणूकपत्र काढून बघतो.

एक राहिलंच. आमच्या लाइनवरची कंत्राटी पोरं, २३ जण, त्यांना काहीच मिळालं नाही. त्यातला एक इथं वाचतोय, त्याला लिही म्हटलं.

नवा सभासद ४१७

नमस्कार. मी त्याच लाइनवर आहे, दीड वर्ष. कंत्राटदार म्हणतो कंपनीने माणसं नको म्हटलं, मी काय करू. आमच्याकडे नेमणूकपत्र नाही, हजेरी कार्ड नाही. तो फोनवर किती दिवस भरले ते सांगतो तेवढंच. मागच्या महिन्यात मी १४ दिवस काम केलं, त्याने ११ चे पैसे दिले.

हजेरीबुक

बाळा, तुझ्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बसून काढलेल्या दिवसांचं तुझ्या बाबतीत सोपं नाही, कारण कागदावर मालक तो कंत्राटदार आहे आणि त्याच्याकडे किती माणसं, किती दिवस, यावर सगळं अडतं. त्याची खोटी आशा देत नाही. पण काम केलेल्या तीन दिवसांचे पैसे बुडालेत ते सरळ मागता येतात. कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर मूळ कंपनीने द्यायचं आणि मग त्याच्याकडून वसूल करायचं, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय.

गेटवर आत जाताना सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये तुझं नाव लिहितात का, की कार्ड स्वाइप होतं?

नवा सभासद ४१७

रजिस्टर आहे. नाव, वेळ, सही. येताना आणि जाताना.

हजेरीबुक

मग कंत्राटदाराने कार्ड दिलं नाही तरी तुझे १४ दिवस त्या रजिस्टरमध्ये आहेत. आजपासून घरी एक वही कर, तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, कुठल्या मशीनवर होतास. मागच्या महिन्याचे १४ दिवस आठवतील तसे आजच लिहून काढ, 'पहिली पाळी'वाल्या भावाबरोबर रात्री बसून ताडून बघ. मग २३ जणांचे किती दिवस कमी लावलेत त्याची यादी करा आणि इथे टाका. नावं नको, फक्त दिवस. अर्ज मी लिहून देतो, एक प्रत कंत्राटदाराला आणि एक कंपनीच्या एचआरला.

एचआरवाली

बँकेत जमा झालेल्या पगाराचे मेसेजही ठेव. आणि पीएफ कापतो का ते बघ, पासबुक मोबाइलवर दिसतं. पीएफ खात्याचा यूएएन नंबर माहीत नसेल तर कळव, कसा काढायचा ते सांगते.

नवा सभासद ४१७

यूएएन माहीत नाही. आज रात्री यादी करायला बसतोय, सहा जण येतो म्हणालेत.